रंगाआधी लाकूड

आमच्या शिरड शहापूरच्या घरात, स्वयंपाकघरातून माजघरात येताना डाव्या हाताला एक फडताळ आहे. दोन दारं, चार फळ्या, उंची खांद्याएवढी. मागच्या दिवाळीनंतर त्याचं एक दार बिजागरीतून सोडवून अंगणात आणलं आणि कोपऱ्यातली चार आण्याच्या नाण्याएवढी जागा ओल्या वॉटर पेपरने हळूहळू घासत बसलो. आधी पांढरा रंग गेला. त्याखाली आकाशी निघाला. आकाशीखाली पोपटी, पोपटीखाली रेड ऑक्साइडचा विटकरी हात, आणि सगळ्यांच्या तळाशी तेल पिऊन काळपट झालेलं सागवान. आत्या ओट्यावर बसून बघत होती. तिने एकेका कड्यावर बोट ठेवून सांगितलं : पांढरा तुझ्या लग्नातला, आकाशी माझ्या लग्नातला, पोपटी अण्णांच्या लग्नातला. विटकरी तिला सांगता आला नाही. तो तिच्या जन्माआधीचा होता.

आपल्याकडे लग्न निघालं की भिंतींना चुना आणि लाकडाला ऑइल पेंट, हा क्रम ठरलेला. उरलेल्या अर्ध्या डब्यात फडताळ, पाट, देव्हाऱ्याचा चौरंग आणि बंगईच्या कड्या असं सगळं निघायचं. म्हणजे जुन्या लाकडी सामानाला रंग देऊन नवं रूप देणं ही आपल्याला कुणी शिकवावी अशी गोष्ट नव्हती. आपण ती पिढ्यानपिढ्या करत आलो. फक्त तिच्याकडे विद्या म्हणून कधी पाहिलं नाही, आणि तिच्यावर मराठीत सलग लिहिलेलं माझ्या हाती तरी आलं नव्हतं. या पुस्तकाचं हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा ते दार अजून अंगणातच भिंतीला टेकून उभं होतं, म्हणून मी ते नुसतं वाचलं नाही. एका हातात पानं आणि दुसऱ्या हातात पॉलिश पेपर घेऊन वाचलं.

या विषयात पाऊल ठेवणाऱ्याला पहिल्याच दिवशी दोन टोकाची मतं ऐकू येतात. शहरातला जाणकार म्हणतो, सागवानावर रंग फासणं हे पाप. गावाकडचं माणूस म्हणतं, रंग नसलेलं लाकूड म्हणजे घरात पाहुणा यायचा असताना विस्कटलेलं डोकं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांचाही एक प्रश्न विचारायचा राहून जातो : हे लाकूड कोणतं? सगळं या एका प्रश्नावर ठरतं, असं माझं मत आहे. या पुस्तकाचंही तेच मत आहे, म्हणून मी प्रस्तावना लिहायला होकार दिला.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर घरातलं चांगलं लाकूड म्हणजे साग, आणि तो बहुतेक किनवट-माहूरच्या आणि त्यापलीकडच्या आदिलाबादच्या जंगलातून आलेला. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. निजामाच्या राज्यात हा सगळा एकच मुलूख. सागाच्या खालोखाल बाभूळ. ती गाडीला, औताला, खाटेच्या माचव्याला. मग लिंब, आंबा, आणि अलीकडे मालाच्या खोक्यांतून आलेलं चिडाचं लाकूड. या प्रत्येकाचा रंगाशी वागण्याचा स्वभाव वेगळा. सागात मुळातच तेलकटपणा असतो. तो पाण्याला आणि वाळवीला दूर ठेवतो, पण रंगालाही नीट धरू देत नाही. रंगाआधी सागाचा पृष्ठभाग स्पिरिटने किंवा थिनरने पुसून घ्यावा लागतो तो यासाठी. बाभळीत टॅनिन भरपूर. तिच्यावर थेट पाण्याचा पांढरा रंग दिला तर दोन दिवसांत चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग वर येतात. आंब्याची फळी रंग पीतच राहते, पहिला हात कुठे गेला कळत नाही, आणि तिच्यात भुंगाही लवकर लागतो. चिडाच्या गाठीतून उन्हाळ्यात राळ पाझरते आणि वरच्या रंगाला पिवळे ठिपके पडतात. टॅनिन आणि राळ या दोन्हींवरचा जुना आणि अजूनही चालणारा उपाय एकच : स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा एक पातळ हात.

चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा ती तयार करतो. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ १९२४ मध्ये संशोधन संस्था उभी राहिली. जगाच्या बाजारात भारताची लाख एवढी महत्त्वाची होती. युरोपात एकोणिसाव्या शतकात ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणू लागले, त्याचा जीव ही आपल्या रानातली लाखच. नाव परदेशी आणि माल इथला, ही गोष्ट आपल्या सुतारांनाही अनेकदा ठाऊक नसते.

सामान काय होतं, हेही बघायला हवं. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात लाकूड होतं ते मुख्यतः घराच्या अंगात : खांब, तुळया, सर, चौकटी. हलवता येणारं सामान फार कमी. ढेळजेत बंगई किंवा तक्तपोस, माजघरात पाट-चौरंग, देव्हारा, कपड्यालत्त्याची पेटी, बाळंतिणीची खाट, पाळणा. धान्य बळदात, भांडी उतरंडीत. कपाट नावाची वस्तू असलीच तर भिंतीतली. शिरड शहापूर हे मल्लिनाथ भगवानांचं अतिशय क्षेत्र; इथे जैन घरं आणि त्यांची दुकानं जुनी. त्या दुकानांत आणखी एक सुंदर वस्तू असे, मुनीमजींचं बैठं डेस्क. वरची फळी उतरती, आत चोपड्या, समोर दौत ठेवायला खळगा. खुर्ची, मेज आणि आरामखुर्ची आली ती कचेरी, शाळा आणि छावणी यांच्या वाटेने. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं. आजही इथला म्हातारा माणूस एखाद्या खुर्चीचं वय सांगताना ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीची’ किंवा ‘नंतरची’ असंच सांगतो, सन सांगत नाही.

डब्यातला रंग येण्याआधी या वस्तूंवर काय होतं? गेरू, हिरमुजी, काजळी, हरताळ, नीळ हे रंगद्रव्य. आणि त्याला धरून ठेवणारं सरस, डिंक, लाख किंवा जवसाचं उकळलेलं तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात. जवस आपल्याच रानातली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावणाऱ्या शेतकऱ्याला रंग कुठे धरतो आणि कुठे सुटतो याचं ज्ञान हातानेच असतं. शिंग आधी तासून घासून घ्यायचं, मग रंग; फडताळाचंही तेच.

रंगवलेल्या लाकडाच्या तीन मोठ्या परंपरा आपल्या आसपास आहेत. त्यांतली सगळ्यात जवळची नांदेडच्या पलीकडे निर्मळला, जे आज तेलंगणात आहे. १९५६ पर्यंत आमचा तेव्हाचा परभणी आणि निर्मळचा आदिलाबाद हे एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे होते. निर्मळचे नक्काश पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाच्या वस्तू करतात. सांधे आणि खाचा भरायला चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा वापरतात, त्यावर पांढरं अस्तर आणि मग रंग. आमच्या लांबीचं, म्हणजे फटी भरायच्या लगद्याचं, हे जुनं रूप आहे. बाजारात लांबीचा डबा मिळत नव्हता तेव्हा गावचा सुतारही चिंचोक्याची खळ आणि भुसा हेच भरत असे, आणि बारीक फटीसाठी ते आजही वाईट नाही. निर्मळच्या कामाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांनी पारंपरिक रंग सोडून पुढे डुको रंग घेतले याबद्दल काहींना वाईट वाटतं. मला वाटत नाही. वस्तू रोज हाताळली जाणार असेल तर तिला टिकणारा रंग हवा, आणि कारागिराने तो निवडला तर तो त्याचा हक्क आहे.

दुसरी परंपरा सावंतवाडीची. तिथल्या चितारींनी गंजिफा रंगवल्या, तसेच पाट, चौरंग, देव्हारे आणि पांगाऱ्याच्या लाकडाची फळंही. ही कला अगदी मोजक्या हातांत उरली असताना १९७० च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू करून ती सावरली. लाखकामाचा पाट आणि बाजारातला ऑइल पेंटचा पाट शेजारी ठेवून बघा. पहिल्यात रंग पातळ आहे, अनेक हातांचा आहे आणि त्याच्या खोलीतून उजेड परत येतो. दुसऱ्यात एकच जाड साय आहे. तिसरी परंपरा गुजरातेतल्या संखेड्याची. तिथले खरादी सागाच्या खुरांवर आणि दांड्यांवर कथलाने नक्षी काढतात आणि तिच्यावर लाखेचा पारदर्शक थर चढवतात. कथलाचा पांढरेपणा त्या थराखाली सोन्यासारखा दिसतो. सोनं नसताना सोन्याचा भास, आणि तोही खोटा वाटत नाही, कारण कारागिराने तो लपवलेला नाही. मराठी घरांतल्या कित्येक बंगया आणि पाळणे मूळचे संखेड्याचे आहेत.

विसाव्या शतकात डबा आला आणि सगळं बदललं. १९२० मध्ये मुंबईत लोअर परळला गहागन पेंट्स सुरू झाली, तीच पुढे नेरोलॅक. १९४२ मध्ये मुंबईतच चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. १९५४ पासून आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला गट्टू हातात ब्रश आणि डबा घेऊन दुकानांच्या पाट्यांवर दिसू लागला. तालुक्याच्या गावी तयार रंग मिळू लागला तशी बेलतेल उकळणारी माणसं कमी झाली. त्याच काळात लोखंडाचं कपाट आलं. गोदरेजने ते १९२३ पासून बनवायला घेतलं होतं; खेड्यापर्यंत यायला त्याला काही दशकं लागली. पण ते आलं आणि हुंड्या-आहेराच्या यादीत बसलं तेव्हा लाकडी कपाट एका रात्रीत जुनाट ठरलं. मग लोकांनी काय केलं? लाकडी कपाटाला लोखंडाच्या कपाटाचा करडा किंवा शेवाळी रंग दिला. माझ्या पाहण्यातल्या तीन तरी घरांत सागाच्या कपाटाला असा लोखंडी वेष आहे. पुढे सनमायका आला, आणि त्याच्यावर लाकडाच्या रेषा छापलेल्या. रंगाऱ्यांनीही साध्या फळीवर ब्रशने सागाच्या रेषा काढायचं काम उचललं. म्हणजे आधी खऱ्या लाकडाला लोखंड केलं आणि मग कागदाला लाकूड. या उलटापालटीत कुणाची थट्टा करावी असं काही नाही. घरात नवं काही आणणं परवडत नसताना जे होतं तेच नवं दिसावं म्हणून माणसं धडपडत होती. त्या धडपडीचा आदर ठेवूनच या विषयावर बोललं पाहिजे.

आज या कामात जे वेगवेगळे पंथ दिसतात ते नवख्या वाचकाला माहीत असावेत. एक पंथ खरवडणाऱ्यांचा : सगळा रंग काढा, मूळ लाकूड दाखवा, पॉलिश करा. दुसरा पंथ झाकणाऱ्यांचा. लांबी भरून, घासून, फवाऱ्याने पीयू किंवा डुको मारून पृष्ठभाग काचेसारखा करायचा. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत हा फार चालतो. तिसरा पंथ परदेशातून आला आणि गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या पडद्यावरून घरोघरी पोचला. इंग्लंडमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये चॉक पेंट नावाचा मऊ, अचमक रंग तयार केला, जो फारशी घासाघीस न करता जुन्या पॉलिशवरही बसतो. त्याच सुमाराला, १९८९ मध्ये, अमेरिकेत रेचेल अ‍ॅशवेल यांनी उडालेल्या कडांच्या, फिकट रंगाच्या जुन्या सामानाचं दुकान काढलं आणि त्या रूपाची हौस जगभर पसरली. या रुचीचं मूळ आणखी मागे, स्वीडनमध्ये आहे. तिसरा गुस्ताव राजा १७७१ ते १७९२ या काळात गादीवर होता. त्या काळापासून तिथे साध्या चिडाच्या सामानाला फिकट करडा आणि मोतिया रंग देण्याची रीत रुळली. उत्तरेकडच्या लांब हिवाळ्यात घरात उजेड कमी, म्हणून फिकट रंग. आमच्याकडे उजेड कमी नाही; जवळच्या औंढ्याच्या वाटेवर एप्रिलमध्ये तो डोळ्यांत खुपतो. तेव्हा स्वीडनचा करडा इथे आणताना आपल्या खोलीतलं ऊन कुठून येतं ते आधी पाहावं.

चौथा पंथ जतन करणाऱ्यांचा. तो म्हणतो, वस्तूवर असं काहीही करू नका जे पुढच्या माणसाला काढता येणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या वस्तू, दारं, पेट्या, दौती जपून ठेवल्या आहेत. त्या पाहताना एक गोष्ट नजरेत भरते : वापराने झिजलेली जागा कुणी भरून काढलेली नाही. हाताने गुळगुळीत झालेली कड तशीच आहे.

माझं मत मी लपवत नाही. ज्या सागाच्या वस्तूवर जुना लाखेचा हात अजून शाबूत आहे, तिला रंग लावू नये. तिला नुसतं पुसावं, स्पिरिटने जुना थर मऊ करून चपड्याचा ताजा हात द्यावा आणि सोडून द्यावं. मुनीमजींचं डेस्क असेल तर तिथे ब्रश नेऊच नये. पण आंब्याची, चिडाची, ठिगळं लावलेली, आधीच चार वेळा रंगवलेली वस्तू असेल तर तिला रंग हाच न्याय आहे. तिथे खरवडणाऱ्यांचं ऐकून महिनाभर कष्ट घेतले तर खाली निघतात ते खिळे, लांबी आणि तीन जातींच्या फळ्या. आणि नव्या वस्तूला मुद्दाम टोचून, साखळीने ठोकून जुनी करणं मला पटत नाही. झीज ही हाताने व्हावी लागते. आमच्या फडताळाच्या दाराची खालची कड जिथे चार पिढ्यांच्या बायकांनी पायाने लोटली तिथे झिजली आहे. ती झीज ठेवून रंग देता येतो, आणि तसाच दिला पाहिजे.

खरवडण्याबद्दल एक अनुभव सांगतो. आजोबांची आरामखुर्ची एका ठिकाणी ‘मूळ रूपात’ आणायला दिली होती. तिथे ती कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवली गेली. रंग निघाला. पण सागातलं टॅनिन सोड्याशी भिडून लाकूड काळंठिक्कर पडलं, जुन्या सरसाने धरलेले सांधे सुटले आणि खुर्ची खिळे मारून परत आली. बसली तर करकरते. ती दुरुस्त होण्यासारखी राहिली नाही. त्या दिवसापासून मी कुणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो, की रंग कशाने काढणार. दुसरी चूक माझीच होती, आणि ती शिकवून गेली. धुण्याचा कंटाळा करून मी एका फडताळावर थेट रंग चढवला. स्वयंपाकघरातल्या धुराचा आणि फोडणीचा चिकट थर खाली तसाच होता. चैत्रात तो रंग कांद्याच्या पातीसारखा उभा सुटला. वसमतच्या ज्या रंगारी चाचांना मी ते दाखवलं त्यांनी नुसतं नख लावून एक पापुद्रा ओढला आणि म्हणाले, “आधी धुवा. मग वाळू द्या. चार दिवस. मग माझ्याशी बोला.”

धुण्याबद्दल आपल्या भागाला लागू पडणारी एक गोष्ट. हिंगोली आणि वसमत म्हणजे हळदीचा मुलूख. आमच्याकडे हळद नुसती डब्यात नसते, ती फळ्यांच्या अंगात असते. असं पिवळं फडताळ तुम्ही सोड्याच्या पाण्याने पुसलं की डाग क्षणात लालभडक होतो आणि घरातली माणसं घाबरतात. काही बिघडलेलं नसतं. हळदीतलं रंगद्रव्य क्षाराला लाल होतं, इतकंच. साध्या पाण्याने सोडा काढून टाका, स्पिरिटच्या फडक्याने उरलेली हळद उचला आणि फळी दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. न काढता वर पांढरा रंग दिला तर मात्र हळद त्यातून वर येते.

हवामानाचंही तसंच. पुस्तकांत लिहिलेलं ‘चार तासांनी दुसरा हात’ हे कुणाच्या तरी थंड देशातलं गणित असतं. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांत रंगाची वरची साय लगेच धरते आणि आतला रंग ओला राहतो, मग सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात ओल कोंडते आणि चमक मरते. दसरा झाल्यावर, हवा कोरडी आणि ऊन सौम्य असताना, माघापर्यंतचा काळ या कामाला उत्तम. लग्नसराईच्या तोंडावर, भर वैशाखात रंग द्यायची आपली जुनी सवय इथे नडते. आमच्या फडताळाचा आकाशी हात का भेगाळला होता, ते मला आता कळतं.

हे सगळं आज सांगण्याची निकड का, याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं, जुनी घरं वेगाने उतरत आहेत. माळवदाची डागडुजी करणारे हात राहिले नाहीत, वाटण्या झाल्या, मुलं नांदेड-संभाजीनगर-पुण्याला गेली. त्यात आपल्या भागाला जमिनीच्या हादऱ्यांची भीती. वसमत-औंढ्याच्या गावांत जमिनीतून आवाज येण्याचा प्रकार कित्येक वर्षांचा, आणि २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये जाणवण्याजोगे धक्के बसले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाची आठवण असलेल्या मराठवाड्यात मातीच्या जड छताखाली कुणी झोपावं, असं मी कधीच म्हणणार नाही. घर उतरवायचं तर उतरवा. पण घर उतरतं त्या दिवशी लाकूड घेणारा ट्रक घेऊन दारात उभा असतो, आणि तो तुळयांबरोबर पाट, पेट्या, फडताळंही एकाच भावात घेऊन जातो. बदल्यात नव्या घरात येतं ते भुशाच्या दाबलेल्या फळीचं कपाट, ज्याचा खालचा भाग दोन पावसाळ्यांत फुगतो. ज्या वस्तूला चार हजारांच्या मालात आणि आठवड्याच्या मेहनतीत नवं करता येतं, ती रद्दीच्या भावात जाते, कारण ती नवी करता येते हेच कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं कारण आरोग्याचं आहे, आणि इथे मी वाचकाला थांबून वाचायची विनंती करतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असे. पिवळा, नारिंगी, पोपटी, गडद हिरवा या रंगांत ते विशेष. शेंदूर तर शिशाचाच. भारतात घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नसावं हा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा कोणताही थर शिशाचा असू शकतो असं धरूनच चालायचं. तो थर जागेवर घट्ट असेल तोवर फारसा त्रास नाही. त्रास होतो तो कोरडा घासल्यावर उडणाऱ्या भुकटीचा आणि तो दिव्याने जाळून काढल्यावर निघणाऱ्या धुराचा. ही भुकटी लहान लेकरांच्या हातातून तोंडात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. गरोदर बाईलाही ती घातक. म्हणून जुना रंग नेहमी ओला करून घासा, घराबाहेर घासा, तोंडाला नीट बसणारा मास्क लावा, खाली जाड कागद अंथरा आणि तो गुंडाळून टाका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या वेळी लेकरं अंगणात नकोत. पाळणा असेल तर शंका घेऊ नका : जुना रंग असलेला पाळणा घासण्यापेक्षा तो बाळासाठी वापरायचाच नाही.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या पसाऱ्यात वाचकाचा हात धरून चालतं. लेखक सुतारही आहेत आणि रंगारीही, आणि दोन्ही कामं स्वतः करणारा माणूसच असं पुस्तक लिहू शकतो. त्यांनी वस्तूंची यादी करून कृती दिलेल्या नाहीत. आधी लाकूड ओळखायला शिकवलं आहे, मग त्यावरचा थर, आणि रंगाचा डबा उघडायला पुस्तकाची एक तृतीयांश पानं जाऊ दिली आहेत. उतावळ्या वाचकाला हे जड जाईल. मला हीच या पुस्तकाची मोठी बाजू वाटते. शब्दही त्यांनी कामावरचेच ठेवले आहेत : लांबी, अस्तर, हात, पट्टी, चपडा, बेलतेल. हे शब्द छापले गेले नाहीत तर पुढच्या पिढीला त्यांची नुसती भाषांतरं मिळतील.

एका ठिकाणी माझा मतभेद आहे आणि तो लेखकांना सांगून इथे नोंदवतो. चॉक पेंटवर मेणाचा हात देण्याची त्यांनी भलामण केली आहे. आमच्या भागातल्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, त्याला धूळ चिकटते, आणि रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या वस्तूवर ते वर्षभरही टिकत नाही. इथे पाण्याच्या वार्निशचे दोन पातळ हात बरे. वाचकाने दोन्ही आपल्या फळीच्या तुकड्यावर करून पाहावेत आणि एक उन्हाळा वाट पाहून ठरवावं.

हे पुस्तक कारागिरासाठी आहे, तितकंच घरातल्या बाईसाठी आणि सुट्टीत गावी आलेल्या मुलांसाठीही. यातल्या कामाला मोठी यंत्रं लागत नाहीत. १२०, १८० आणि २२० नंबरचे कागद, दोन ब्रश, लांबीची पट्टी, स्पिरिटची बाटली आणि घाई न करण्याची तयारी, एवढं पुरतं. पैसे घेऊन काम करणाऱ्या रंगाऱ्याला मात्र त्याच्या दिवसांचे पूर्ण पैसे द्या. चार दिवस वाळू द्या म्हणणाऱ्या माणसाचे ते चार दिवस आपण मजुरीत कधीच धरत नाही, आणि मग तो आपल्याला हवं तसं एका दिवसात उरकून देतो.

आमच्या फडताळाचं दार अजून पूर्ण झालेलं नाही. समोरच्या बाजूला विटकरी हात ठेवून त्यावर फिकट निळा द्यायचं ठरलं आहे. घासलेला तो नाण्याएवढा कोपरा भरू नका, असं आत्याने सांगितलं आहे. तो तसाच राहील, वर फक्त लाखेचा थेंब.

वाचकांना एकच विनंती. पहिलं प्रकरण वाचायच्या आधी घरातलं सगळ्यात जुनं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि त्याची मागची फळी बघा. तिला कुणी कधी रंग दिलेला नसतो. ते लाकूड कोणतं आहे ते ओल्या फडक्याने पुसून, वास घेऊन, नखाने दाबून ठरवा. मग पुस्तकाकडे या.